आठवण भेट

सोमवार, ४ मार्च

दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे बाजूला टाकणार, ठाऊक आहे मला. टाक. फक्त फाडू नकोस. तिथे टीव्ही नाही, फोन नाही, वर्तमानपत्रसुद्धा नाही म्हणे. तेव्हा कधीतरी कंटाळून उघडशील या आशेवर लिहितेय.

शुक्रवारी व्यसनमुक्ती केंद्राच्या दारात गाडीतून उतरताना तू मला घरभेदी म्हणालास. वहिनीला काही बोलला नाहीस. कागदावर सही तिची, पण शिक्का माझ्या कपाळावर! असू दे. नोव्हेंबरात माहेरी गेलेली बाई तुला तिथे पोचवायला म्हणून सहा तासांचा प्रवास करून आली आणि त्याच संध्याकाळी परत गेली, हे तुला कळावं म्हणून सांगतेय. निघताना म्हणाली, "हे बरे झाले तर मला कळवा, नाही झाले तर कळवू नका." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

काल तुझं दुकान उघडलं. शटर वर जाईना, शेजारच्या चावीवाल्याला हाक मारावी लागली. आत काचांची भुकटी तशीच पसरलीय. टेबलावर काचा घासायचं मशीन होतं तिथे चार बोल्ट आणि एक स्वच्छ चौकोन राहिलाय. खणात अकरा पाकिटं मिळाली. अकरा गिऱ्हाइकांच्या फ्रेमा, प्रत्येकावर तुझ्या सुबक अक्षरात नंबर, आणि काच एकातही नाही. लोकांनी आगाऊ पैसे दिलेत रे! एक निवृत्त मास्तर आहेत, काडीला दोरा बांधलेला जुनाच चष्मा लावून रोज शटरला हात लावून जातात, असं चावीवाला म्हणाला. मी अकराही फ्रेमा बाजारपेठेतल्या दुसऱ्या चष्मेवाल्याकडे टाकल्यात. तो तुझं नाव ऐकून म्हणाला, "त्यांच्याकडून कडा घासायला शिकलो मी." मला तिथे उभं राहवेना.

एक मागणं आहे. पंधरा एप्रिलला सुटशील तेव्हा ते कपाटातला तुझा फोन परत देतील. घेऊ नकोस. नाहीतर घे आणि चालू न करता माझ्या हातात दे. नवा, साधा, बटणांचा घेऊन देते. त्या एकशे बारा गलबतांचं काय होतंय याची चिंता करू नकोस.

गलबतांचा आकडा वहिनीकडून कळला.

तुझी ठकी


बुधवार, १३ मार्च

दादा,

उत्तर नाही. काउन्सेलरला फोन केला, तर म्हणाला पत्र मिळालंय, ते उशाखाली आहे, पुढचं ते जाणोत. मग रविवारी भेटीच्या वेळेला आले तर तू खाली उतरला नाहीस. दोन तास बाकावर बसून होते. बाकीच्यांची माणसं आली, रडली, हसली, गेली. मी आपली भिंतीवरची सूचना पाठ करत बसले.

आता खरं सांगते. खूप आधी सांगायला हवं होतं.

गलबतांचा आकडा वहिनीकडून कळला नाही. तिला तर गलबतं असतात हेच माहीत नाही. तिला एवढंच माहीत आहे की नवरा फोनमध्ये डोकं घालून बसतो आणि पैसे जातात.

मी विम्याच्या ऑफिसात नाही. तीन वर्षांपूर्वी होते. ती नोकरी सोडून तुझा तो फोनवरचा 'बंदर' खेळ चालवणाऱ्या कंपनीत लागले. घरी सांगितलं नाही, कारण तुम्ही सगळ्यांनी विचारलं असतं की म्हणजे नक्की काय करतेस, आणि ते सांगायला मला लाज वाटली असती. यावरून ओळख ते काम कसलं ते.

काम असं आहे. खेळ तुला माहीतच आहे, चक्र फिरवा, लाकूड मिळवा, गलबत बांधा. लाकूड संपलं की एकतर उद्यापर्यंत थांबा, नाहीतर किल्ल्या विकत घ्या आणि पेट्या उघडा. पेटीत काय निघेल ते नशीब. हजारो लोक फुकट खेळतात, त्यांना आम्ही ढुंकून विचारत नाही. महिन्याला वीस हजारांच्या वर घालणारे जे असतात ते आमच्या खोलीत येतात. खोलीत आम्ही चौदाजणी. प्रत्येकीकडे दीडशे लोकांची यादी. नाव नाही, पत्ता नाही. नुसता नंबर, गलबतांची यादी, आजवर किती घातले, आणि किती दिवस गप्प आहे. त्यांच्याशी गोड बोलायचं, वाढदिवसाला किल्ल्या द्यायच्या, रुसला तर समजूत घालायची. आम्हाला नावं नसतात, कंपनीनं दिलेलं नातं असतं. समोरच्या खुर्चीवरची मावशी आहे, तिच्या बाजूची मैत्रीण आहे. मी ताई.

हो. तीच ताई.

माझ्याहून आठ वर्षांनी मोठा भाऊ मला वर्षभर अहो ताई, अहो ताई करत होता.

शपथेवर सांगते, पहिले दोन महिने मला पत्ता नव्हता. एक नंबर होता, नवाच पण दणदणीत खर्च करणारा, आणि बोलायला अगदी सभ्य. बाकीचे शिवीगाळ करतात, हा "आपण जेवलात का" विचारतो. मला तो आवडायला लागला होता, बघ! मग एप्रिलमध्ये तू एक तीन शिडांचं गलबत बांधलंस आणि त्याचं नाव ठेवलंस 'ठकी'. जगात मला ठकी म्हणणारा एकच माणूस आहे. तरी मी म्हटलं, असेल कुणी दुसरी ठकी. चार दिवसांनी तू लिहिलंस की कामाला बसलो की डोळ्यांत काचेची भुकटी जाते. मग काय राहिलं?

मी तेव्हाच हेडबाईंकडे जाऊन सांगायला हवं होतं की हा माझा भाऊ आहे, याला माझ्या यादीतून काढा आणि खेळातूनही काढा. उठलेसुद्धा होते खुर्चीवरून. पण माझ्या यादीत सगळ्यात मोठा तू होतास. तुझ्या प्रत्येक शंभरातले तीन माझे.

बसले परत.

ठकी


शुक्रवार, २२ मार्च

दादा,

वाचतोस की नाही, देव जाणे. मी आता थांबणार नाही. एकदा नळ फुटला की फुटला.

तू ताईला काय काय लिहिलंस ते आठवतंय का? मला शब्द न् शब्द पाठ आहे. वहिनीशी सरळ बोलून किती महिने झाले ते. गिऱ्हाइकाचे आगाऊ पैसे घातले त्या दिवशी तुला उलटी झाली ते. आणि हे, "माझी धाकटी बहीण आहे, भारी हुशार, विम्याच्या ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर आहे. बाबा गेल्यावर मी काचा घासून तिला शिकवलं. तिला हे कळलं तर ती माझं तोंड बघणार नाही, आणि ते मला सोसवणार नाही."

मी टेबलाशी बसून ते वाचत होते. डाव्या हाताला चहा होता. आम्हाला तयार वाक्यांची एक यादी देतात, आपल्या मनाचं लिहायला वेळ जातो म्हणून. मी सतरा नंबरचं वाक्य दाबलं. "तुमच्या भावना आम्हाला समजतात. आपल्या मैत्रीखातर पाच किल्ल्या भेट." तू हात जोडल्याचं चित्र पाठवलंस.

ऑगस्टमध्ये तू माझ्याकडे आलास, मशीनची मोटर जळली म्हणून पंचवीस हजार मागायला. खुर्चीच्या कडेवर बसला होतास, पाणीसुद्धा नको म्हणालास. मला माहीत होतं की मोटर ठणठणीत आहे. तरी दिले. का दिले? मला बघायचं होतं. एवढंच. बघायचं होतं की हा बहिणीचे पैसेसुद्धा घालतो का. दुसऱ्या दिवशी दुपारी चाळीस मिनिटांत एकवीस हजार आत आले. माझ्या हिश्शाला सहाशे तीस. आपलेच पैसे तुझ्या हातून फिरून सहाशे तीस होऊन माझ्याकडे परत आले, आणि मी तेव्हा काय केलं सांगू? हसले. त्या हसण्याची आता मला किळस येते.

लोक याला जुगार म्हणतात. जुगारी तरी बरे म्हणायचे रे! अड्ड्यावर दहा जण लुटले जातात तेव्हा अकरावा खिसा भरून उठतो. आमच्याकडे कुणीच पैसे घेऊन उठत नाही. काढायची सोयच नाही. पैसे आत जातात आणि त्याचं लाकूड होतं, शीड होतं, बाहेर यायचं दार बांधलेलंच नाही. मग माणूस का घालतो? आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवतात, ज्यानं घातलंय तो सोडत नाही. हजार घातलेला सोडेल. नऊ लाख घातलेला नाही सोडणार, कारण सोडलं की त्याला कबूल करावं लागतं की नऊ लाख गेले. तोवर ते गेलेले नसतात, बंदरात उभे असतात.

आणि तरीही तू सोडलंस! ऑक्टोबरात तू सोडलंस दादा. अकरा तारखेला लिहिलंस, "ताई, आता येणार नाही. दुकान नीट करायचंय. आपण फार जीव लावलात." मी जेवणाच्या सुट्टीत जाऊन रडले. एकोणीस दिवस माझ्या पडद्यावर तुझ्या नंबरापुढचा दिवा राखाडी होता. वहिनीचा फोन आला, म्हणाली आठला दुकान बंद करून घरी येतात, काल मिळून पडदे धुतले. पडदे धुतल्याचं सांगताना ती अशी बोलत होती, जणू लॉटरी लागलीय.

मग तीस ऑक्टोबर. महिनाअखेर. नऊ दिवसांच्या वर जे गप्प असतात त्यांना आम्ही 'आठवण भेट' पाठवतो. नऊ किल्ल्या आणि एक ओळ, "तुमची गलबतं तुमची वाट बघताहेत." ती यादीला एकदम जाते. एक बटण दाबलं की सगळ्यांना. माझ्या यादीत बावीस जण गप्प होते, त्यात तूही होतास. महिनाअखेरीची घाई. मी बटण दाबलं आणि तुझा नंबर त्यात आहे हे लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता.

चुकून गेली रे. तू एकतीसला सकाळी परत आलास. चार दिवसांत मशीन विकलंस. नऊ नोव्हेंबरला वहिनी गेली. सगळं माझ्या एका चुकीपायी.

ठकी


मंगळवार, २ एप्रिल

दादा,

चुकून गेली नाही.

मागचं पत्र पेटीत टाकलं आणि तेव्हापासून अन्न गोड लागत नाहीये. कबुलीजबाबातसुद्धा हातचं राखून ठेवणारी मी. काय म्हणावं या बाईला!

ऐक. यादीत प्रत्येक नंबरापुढे चौकट असते. तुझ्या चौकटीतली खूण मी काढली होती. पहिल्यांदा काढली, शांतपणे, विचार करून. एकवीस जणांना भेट गेली, त्यातले सहा परत आले. माझ्या पडद्याच्या वर एक पट्टी असते, महिन्याचं लक्ष्य. ती डावीकडून हिरवी होत जाते. त्या दिवशी चारला ती इतकी भरली होती की उजवीकडे नखाएवढी पांढरी राहिली. पूर्ण भरली की पडद्यावर रंगीत कागद उडतात, हेडबाई घंटा वाजवतात, खोलीतल्या सगळ्याजणी टाळ्या वाजवतात.

मला पैशांची नड नव्हती. हे नीट वाच, कारण माझ्या बाजूनं बोलायला दुसरं काही नाही आणि हेही माझ्या विरुद्धच जातं. घराचा हप्ता भरला होता. कुणी आजारी नव्हतं. पट्टी भरली नसती तर काहीसुद्धा झालं नसतं, पगार झाला असता, घरी जाऊन झोपले असते. पण ती पांढरी फट मला बघवेना. अर्धा तास मी तिच्याकडेच बघत होते. जीव कासावीस झाला. मग तुझ्या ओळीवर गेले, चौकटीत खूण केली आणि पाठवलं.

तू सकाळी सव्वानऊला आलास. दोनदा "ताई, तुम्ही आठवण ठेवलीत" म्हणालास. दुपारपर्यंत घंटा वाजली.

टाळ्या वाजत होत्या आणि मला कळलं की तू तिकडे जे करतोस तेच मी इकडे करतेय. फरक इतकाच की तुझे पैसे जातात, माझे येतात. म्हणून तुला केंद्रात घातलं आणि मला बढती दिली.

आणि आता ही शेवटची घाण. केंद्राची फी मी भरली, हे तुला माहीत आहे. ती कुठून आली ते तुला माहीत नाही. त्या नोव्हेंबरच्या बोनसातून. तुझेच आहेत दादा, मी त्यात माझं काही घातलेलं नाही.

शिव्या दे. एका कागदावर चार शिव्या लिहून पाठव, तिकीट नको लावूस, मी दंड भरून सोडवून घेईन.

ठकी


शुक्रवार, १२ एप्रिल

दादा,

तीन दिवस राहिले आणि माझी पाचावर धारण बसलीय. हे पत्र तरी उघड. आधीची चार राहू देत, हे उघड.

जे पंचेचाळीस दिवस गायब असतात त्यांच्यासाठी कंपनीकडे एक वेगळी भेट आहे. ती आमच्या हातात नसते, आपोआप जाते. साठ किल्ल्या, एक सोन्याचं शीड आणि पहिल्या खरेदीवर निम्मी सूट. मी नवी होते तेव्हा विचारलं होतं, पंचेचाळीसच का? हेडबाई म्हणाल्या, "बहुतेक केंद्रांचा कोर्स पंचेचाळीस दिवसांचा असतो." अगदी सहज म्हणाल्या, बसची वेळ सांगावी तशा.

ती भेट परवा रविवारी तुझ्या फोनवर जाऊन बसेल. सोमवारी ते तुला फोन देतील. तू तो चालू करशील, वहिनीला 'सुटलो' म्हणून कळवायला, चांगल्याच हेतूनं, आणि वर पहिलंच दिसेल ते शीड.

मी काय काय केलं ते सांगते. काल हेडबाईंना सांगितलं की तो नंबर माझ्या सख्ख्या भावाचा आहे, त्याची भेट थांबवा. त्या आधी घाबरल्या, मला दार लावायला सांगितलं. मग म्हणाल्या, "ग्राहकानं स्वतः खातं बंद केलं तरच बंद होतं, दुसऱ्याच्या सांगण्यावरून नाही. नाहीतर उद्या प्रत्येकाची बायको येईल." मी म्हटलं, "येऊ द्या की!" त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही वर्षभर गप्प का होता, हे मी विचारलं तर?" मी दार उघडून बाहेर पडले.

मग केंद्रात फोन केला, माझ्या भावाचा फोन परत देऊ नका म्हणून. काउन्सेलर म्हणाला, वस्तू त्यांची आहे, सही घेऊन परत द्यावीच लागते. का देऊ नको ते त्यानं विचारलं. मी सांगितलं नाही. अजूनही सांगायला तोंड नाही, बघ. कागदावर लिहिता येतं तेवढंच.

तेव्हा तूच राहिलास. फोन चालू करू नकोस. सोमवारी अकराला सोडतात, मी साडेदहालाच फाटकाशी उभी असेन. काही बोलू नकोस माझ्याशी, मारायचं तर मार, चारचौघांत मार, पण फोन माझ्या हातात दे. हात जोडते.

ठकी


मंगळवार, १६ एप्रिल

दादा,

हे पाकिटात घालत नाहीये. उघडा कागद तुझ्या घराच्या दाराखालून सरकवणार आहे, म्हणजे उघडायचे कष्ट नकोत.

काल सव्वादहालाच आले होते फाटकाशी. पावणेबाराला पहारेकऱ्याला दया आली. म्हणाला, "बाई, चष्मेवाले तर नऊला गेले, रिक्षा बोलावून." आत गेले. काउन्सेलरनं मला एक पिशवी दिली. तुझी उरलेली साबणाची वडी, एक टॉवेल, आणि माझी पाच पाकिटं. पाचही चिकटवलेली. एकालाही नख लावलेलं नाही.

म्हणजे सहा आठवडे मी उशीशी बोलत होते.

तिथून तडक ऑफिसात गेले. सुट्टी टाकली होती, तरी जाऊन खुर्चीत बसले. पडदा उघडला तर तुझा दिवा हिरवा. नऊ वाजून वीस मिनिटांपासून हिरवा, म्हणजे रिक्षातच. माझ्यासाठी ओळ येऊन पडली होती, "ताई, आलो बरं का! आहात ना? सगळी गलबतं शाबूत आहेत, डोळे भरून आले."

मी लिहिलं, "दादा, मी ठकी. ताई म्हणजे मीच. पहिल्यापासून." ग्राहकाला खरी ओळख सांगायची नाही, या नियमानं तिथेच माझी नोकरी गेली, कारण आमचं सगळं बोलणं नोंदलं जातं. मग लिहिलं, "ऑक्टोबरातली आठवण भेट मी पाठवली. मुद्दाम पाठवली. तू सुटला होतास आणि मी तुला परत आणलं."

तू लिहितोयस असं दाखवणारे तीन ठिपके हलत होते. थांबले. परत हलले. मी हात मांडीखाली दाबून बसले होते. दादा, इतके दिवस मी तुझ्या शिव्यांची तयारी करून बसले होते. तू काय काय म्हणशील ते एकूण एक मनात म्हणून झालं होतं, आणि त्यावर मी काय म्हणेन तेही. म्हटलं, आता येईल ते येऊ दे, एकदाचं कोसळू दे डोक्यावर.

तू लिहिलंस, "खरंच ठकी?"

मी म्हटलं, "हो."

"म्हणजे किल्ल्या तूच टाकतेस?"

"हो."

"एका वेळी किती टाकता येतात?"

मला वाटलं मी चुकीचं वाचतेय. तोवर पुढचं आलं. "माझा राग नाही गं. झालं गेलं. साठ आल्या होत्या त्या संपल्या. अजून साठ टाक ना. पैसे नाहीत आत्ता, पण घरातली गोष्ट आहे. आणि तुझ्या वहिनीला बोलू नकोस."

दादा, तू मला माफ केलंस. साठ किल्ल्यांसाठी माफ केलंस. यापेक्षा मारलं असतंस तर बरं झालं असतं.

मी उठले, पाणी प्यायले, परत येऊन बसले. तेव्हाच डोक्यात आलं. ग्राहकानं कर्मचाऱ्याला धमकी दिली, तर कंपनी कुणाला न विचारता खातं कायमचं बंद करते. चौकशी करत नाहीत, कारण प्रकरण पोलिसांत गेलं तर पेपरात नाव येतं, त्याची त्यांना भीती. फोन, कार्ड, नंबर, सगळं काळ्या यादीत. त्यांच्या बाकीच्या सात खेळांतही. मागे समोरच्या खुर्चीवरच्या मावशीच्या बाबतीत झालं होतं, वीस मिनिटांत निकाल.

मी अर्ज भरला. लिहिलं की या ग्राहकाला माझी खरी ओळख कळली आहे. त्यानं मला फोन करून आईबहिणीवरून शिव्या दिल्या. घरी येऊन तुझे हातपाय मोडीन म्हणाला. मला जिवाची भीती वाटते. पोलिसांत जायचं नाही. खाली सही, तारीख. हेडबाईंनी पूर्ण वाचलासुद्धा नाही. शिक्का मारला आणि दुसरा कागद माझ्यापुढे ठेवला, माझ्या राजीनाम्याचा. तोही भरला.

दोन वाजून पाच मिनिटांनी तुझा दिवा गेला. राखाडी नाही झाला, ओळच गेली यादीतून. एकशे बारा गलबतं, साडेनऊ लाख, तुझं मशीन, वहिनीचे पडदे, सगळं एका ओळीत होतं, आणि ती ओळ राहिली नाही. तुझ्या फोनवर आलं असेल, 'कर्मचाऱ्यास धमकावल्याबद्दल.' तू म्हणशील, मी कधी धमकावलं? कधीच नाही. बाबांनी मला कानफटात दिली तेव्हा मध्ये पडून स्वतः खाणारा तू. जन्मात मला एक वाकडा शब्द बोलला नाहीस, ते एक घरभेदी सोडलं तर. आणि मी तुझ्या नावावर हे लिहून आले.

दुसरे खेळ शंभर आहेत, माहीत आहे मला. उद्याच्या उद्या तू दुसरा उघडू शकतोस. पण तिथे तुझं काही बुडालेलं नसेल. राखायला काही नसेल. रिकाम्या हातानं सुरू करावं लागेल, आणि त्याआधी एखादा दिवस तरी तू मोकळा असशील. मला एवढाच एक दिवस मिळवता आला.

तू आता खोलीत बसून माझ्यावर दात खात असशील. खरा राग आला असेल आता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. तो राग घालवू नकोस, दुसऱ्या कशात बुडवू नकोस. तसाच घेऊन उठ आणि माझ्याकडे ये. नोकरी गेलीय, मी दिवसभर घरीच आहे. दाराला कडी लावलेली नाही. जे जे मी अर्जात लिहिलंय ते सगळं माझ्या तोंडावर बोल, एक शिवी बाकी ठेवू नकोस.

ये दादा. तेवढी ती तक्रार खरी करून जा.

ठकी